तिखटाच्या पलीकडचे कोल्हापूर

दिवाळी झाली की कोल्हापूरला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही अंबाबाईच्या दर्शनाच्या जोडीने जेवणाची चौकशी असते. शहर फार मोठे नाही. 2011च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. परंतु आपल्या खाण्यापिण्याविषयी इतक्या आग्रहाने बोलणारी शहरे महाराष्ट्रात थोडीच असतील. आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची केवळ गावे नमूद केली आहेत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही सहा जण दोन दिवसांसाठी कोल्हापूरला जात आहोत. बरोबर सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि दोन लहान मुले आहेत. शनिवारी सकाळी पोहोचून रविवारी रात्री निघायचे आहे. सासऱ्यांना पित्ताचा त्रास होतो, मुलांना तिखट चालत नाही. मात्र मटण न खाता परत येणे कोणालाच मान्य नाही. कुठे आणि कसे जेवावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण आपल्या दोन्ही दिवसांचे नियोजन त्यावरच अवलंबून आहे. कोल्हापूरचे जेवण म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारे तिखट, ही समजूत कोल्हापूरबाहेरच्या हॉटेलांनी रुजवलेली आहे. कोल्हापुरी मटणाचा पाया तिखटात नसून अळणीत आहे. आले-लसणाचे वाटण लावलेले मटण हाडांसह भरपूर पाण्यात सावकाश शिजवल्यावर जे पाणी तयार होते, ते अळणी. याच पाण्याचे पुढे दोन भाग होतात. एका भागात कांदा-लसूण चटणी, भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि खडा मसाला यांचे वाटण पडून तांबडा रस्सा होतो. दुसऱ्या भागात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू, मिरी, लवंग, वेलदोडा आणि दालचिनी पडून पांढरा रस्सा होतो. उरलेले मटण मसाल्यात परतले की सुके तयार होते. एकाच पातेल्यातून निघालेले हे तीन पदार्थ एका ताटात पुन्हा एकत्र येतात, म्हणूनच ते ताट इतके जुळून आलेले लागते.

यावरून एक साधी परीक्षा करता येते. ताट समोर आल्यावर आधी पांढरा रस्सा चाखावा. अळणी पातळ असेल, हाडे कमी पडली असतील किंवा मटण घाईने शिजवले असेल, तर तांबड्या रश्शात ते दोष तिखट, रंग आणि तेलाखाली झाकता येतात. पांढऱ्या रश्शात झाकायला जागा नसते. ज्या खानावळीचा पांढरा रस्सा चांगला, तिचे बाकीचे ताट सहसा निराश करत नाही.

आता दिवसांविषयी. कोल्हापुरातील अनेक घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळले जातात. मटणाचे दिवस म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि सर्वांत मोठा रविवार. खानावळींत शनिवारीही मटण मिळते, परंतु रविवारी सारे शहर मटण खात असते, दुकानांसमोर सकाळपासून रांगा असतात आणि माल पडून राहण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून शनिवारी दर्शन, मिसळ आणि संध्याकाळची भेळ असा शाकाहारी दिवस ठेवावा आणि मटणाचे ताट रविवारी दुपारी घ्यावे. रात्रीच्या प्रवासाआधी जड जेवण टाळता येईल, हा त्याचा आणखी एक फायदा; सासऱ्यांचा पित्ताचा त्रास पाहता तो महत्त्वाचा आहे.

जागांपैकी दोन सुचवतो. लक्ष्मीपुरीतील पद्मा गेस्ट हाऊस ही जुन्या वळणाची मटणाची खानावळ आहे. तेथे सजावटीची अपेक्षा न ठेवता ताटाकडे लक्ष द्यावे. जुन्या पुणे-बंगळुरू रस्त्यावरील ओपल हे कुटुंबासह, वृद्धांना घेऊन सावकाश बसण्याच्या दृष्टीने अधिक सोयीचे आहे, त्यामुळे आपल्या सहा जणांसाठी माझा कल तिकडे राहील. कोठेही गेलात तरी रविवारी दुपारी साडेबाराच्या आत पोहोचावे. दीड वाजता गेल्यास केवळ थांबावे लागते असे नाही, तर पातेल्याच्या तळाचा, आटून खारट झालेला रस्सा वाट्याला येण्याची शक्यता वाढते.

मुलांसाठी अळणी आणि भात पुरेसा आहे. घरोघरी लहान मुलांना तिखट पडण्याआधीची अळणी भातावर वाढण्याची पद्धत आहे, त्यामुळे वाढप्याला तसे विचारण्यात संकोच बाळगू नये. शिल्लक असेल तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. सासऱ्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी सांगावी लागेल. पांढरा रस्सा लाल नसला तरी सौम्य नसतो. त्यात मिरी असते, अनेकदा हिरवी मिरची असते, शिवाय खोबरे आणि काजू यांचा जडपणा असतो. त्यांनी एक वाटी घ्यावी, सुक्या मटणाचे दोन तुकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर खावेत आणि तांबड्या रश्शाचा केवळ भातावर एक पळीभर आस्वाद घ्यावा. रस्सा पुन्हा पुन्हा वाढण्याचा आग्रह होईल. तो मनापासूनचा असतो, तरी हात आडवा धरलेला कोणालाही अपमानास्पद वाटत नाही.

मटण ही या शहराची किती जिव्हाळ्याची गोष्ट आहे, हे ज्यांना अतिशयोक्ती वाटते त्यांनी 2019च्या अखेरीस झालेले मटण दरवाढविरोधी आंदोलन आठवावे. दर वाढले म्हणून येथे नागरिकांच्या बैठका झाल्या, कृती समिती उभी राहिली, प्रशासनाला मध्ये पडावे लागले आणि विक्रेत्यांशी वाटाघाटी करून दर ठरवावा लागला.

प्रश्न : फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा अशी मिसळीची नावे ऐकली आहेत. यातील खरी कोल्हापुरी मिसळ कोणती? एकाच सकाळी एकाच ठिकाणी जाता येणार आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण नावे घेतलेल्या चारही मिसळी खऱ्या कोल्हापुरी आहेत आणि चारही एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत. प्रत्येक कोल्हापूरकर आपल्या पेठेजवळच्या मिसळीची बाजू घेतो, आणि त्यात काही वावगे नाही. परगावच्या माणसाने निवड करताना क्रमांकापेक्षा आपण कोठे उतरलो आहोत आणि किती वाजता उठणार आहोत, याचा विचार करावा.

कोल्हापुरी मिसळीत मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर बटाट्याची भाजी, शेव-फरसाण, कांदा आणि कोथिंबीर येते आणि वरून कट पडतो. पुण्यात पावाची लादी अपेक्षित असते; येथे बहुधा ब्रेडचे जाड काप देतात. हे काप कट अधिक शोषून घेतात, त्यामुळे सवय नसलेल्यांना प्रारंभी विचित्र वाटले तरी दुसऱ्या घासाला त्यांचे प्रयोजन पटते. सगळा कस कटात असतो. चांगल्या कटावर तेलाचा तवंग असतो, परंतु तो बाजूला सारल्यावर खाली भाजलेल्या खोबऱ्याची, कांद्याची आणि धन्याची चव लागली पाहिजे. नुसते तिखट पाणी लागले तर तो कट घाईने केलेला आहे असे समजावे. तिखटाचा अंदाज नसेल तर कट वेगळ्या वाटीत मागावा. अशी मागणी नेहमीची आहे आणि त्यामुळे फरसाणही कुरकुरीत राहते.

एकच सकाळ असल्यास मी शिवाजी उद्यमनगरातील फडतरे यांच्याकडे जाण्याचा सल्ला देईन, आणि तो केवळ चवीसाठी नाही. उद्यमनगर हा लहान-मोठ्या कारखान्यांचा, लेथ मशीनचा आणि सुट्या भागांच्या उत्पादनाचा परिसर आहे. मिसळ हे मुळात सकाळी कामावर उभे राहणाऱ्या माणसाचे पोटभरीचे खाणे आहे, हे त्या परिसरात चटकन कळते. तेथे सकाळी नऊच्या आत जावे, कारण त्यानंतर गर्दी वाढते आणि दुपार झाली की मिसळ संपलेली असते. आपण महाद्वार रोडच्या बाजूला उतरला असाल आणि दर्शनाला जाणार असाल, तर मात्र केवळ नावासाठी रिक्षा करून शहर ओलांडण्याची गरज नाही. चोरगे यांची मिसळ खाऊन मंदिरात जावे. मिसळीनंतर लगेच दुसरीकडे दुसरी मिसळ खाऊन तुलना करण्याचा उत्साह टाळावा. कट जिभेवर बराच वेळ राहतो आणि दुसऱ्या मिसळीवर त्यामुळे अन्याय होतो.

प्रश्न : गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून देतात असे ऐकले. ते पिणे सुरक्षित आहे का? माझी पत्नी गरोदर आहे. — एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या पत्नीने ते कच्चे दूध पिऊ नये, हे आधी स्पष्टपणे सांगतो. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयरोग आणि आतड्याचे संसर्ग होऊ शकतात. म्हैस निरोगी आणि धष्टपुष्ट दिसते म्हणून हा धोका नाहीसा होत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी धारोष्ण दूध पूर्णपणे टाळावे. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पीत आले आहेत, पैलवानांच्या खुराकाशी त्याचे नाते आहे, हे सारे खरे आहे आणि मला त्याविषयी आदरही आहे. परंतु आरोग्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या आदराने बदलत नाही.

तरीही कट्ट्यावर अवश्य जावे. गवळी आपल्या म्हशी घेऊन तेथे उभे असतात, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाने भरलेला पेला हातात येतो. दुधात पाणी नाही याची खात्री देण्याची ही पद्धत एका विशिष्ट म्हशीमुळे शक्य झाली आहे. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यातील पंढरपुरी म्हैस तिच्या लांब, तलवारीसारख्या मागे गेलेल्या शिंगांवरून ओळखता येते. गोठा सोडून बाहेर, रहदारीच्या रस्त्यावर किंवा ग्राहकाच्या दाराशी उभी असतानाही ती पान्हा सोडते. घरोघरी म्हैस नेऊन दूध काढून देण्याची कोल्हापूरची जुनी रीत या गुणावरच टिकून होती. दिवाळीच्या पाडव्याला गवळी समाज आपल्या म्हशी सजवून मिरवतो आणि पळवतो, तेव्हा या जनावरांविषयीचा अभिमान पाहण्यासारखा असतो. आपला मुक्काम त्या दिवशी असेल तर तो सोहळा चुकवू नये.

पत्नीसाठी त्याच परिसरातून दूध विकत घेऊन ते उकळून द्यावे, किंवा रात्री एखाद्या दुकानातील आटवलेले मसाला दूध घ्यावे. चवीत फार काही गमावल्यासारखे वाटणार नाही.

प्रश्न : संध्याकाळी कोठे जावे? महाविद्यालयीन मित्रमैत्रिणी आहोत, खर्च कमी ठेवायचा आहे. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : खासबागेकडे जावे. शाहू महाराजांनी 1912मध्ये बांधलेले कुस्तीचे मैदान आणि 1915चे केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना लागून आहेत. नाट्यगृह 2024च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले, ही शहराच्या मनाला लागलेली गोष्ट आहे. याच परिसरात राजाभाऊंची भेळ मिळते. कोल्हापुरी भेळ मुंबईच्या भेळेपेक्षा कमी गोड, अधिक कोरडी आणि चिरमुऱ्यांचा कुरकुरीतपणा जपणारी असते; ती हातात आल्यावर लगेच खावी. त्यानंतर फळांचे तुकडे, जेली आणि आइस्क्रीम एकत्र घातलेले कॉकटेल प्यावे. या प्रकारासाठी सोळंकी यांचे नाव शहरात सर्वांना ठाऊक आहे. त्यात मद्य नसते, हे बाहेरगावच्या पालकांच्या माहितीसाठी सांगितलेले बरे. रंकाळ्याची चौपाटी फिरण्यासाठी उत्तम आहे; खाण्यासाठी मात्र मी खासबागच निवडेन.

प्रश्न : शाहू महाराज एका दलित व्यक्तीच्या हॉटेलात चहा पीत असत, असे वाचले आहे. ते हॉटेल कोठे होते? आज तेथे काही पाहता येते का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : खाण्यापिण्याच्या सदरात हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण कोल्हापुरात कोण कोठे बसून काय खाऊ शकतो, या प्रश्नाचा इतिहास चवीच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे.

ते हॉटेल गंगाराम कांबळे यांचे. ते संस्थानच्या नोकरीत होते. सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली, आणि ही हकिगत कळल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगाराम यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगून त्यासाठी मदतही केली. त्यातून भाऊसिंगजी रोडवर सत्यसुधारक हॉटेल उभे राहिले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा भर रस्त्यावर पिण्यास त्या काळी गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले की हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. राजाने घेतलेला पेला नाकारण्याचे धैर्य बरोबरच्यांत नसे. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी काढले होतेच. परंतु हुकमाची अंमलबजावणी चहाच्या पेल्यापर्यंत स्वतः येऊन करणारा राजा विरळा.

ते हॉटेल आज नाही. भाऊसिंगजी रोड आहे आणि शहराच्या मध्यवर्ती भागातून जाताना आपण त्यावरून चालणारच आहात. महाराजांचे निधन 1922मध्ये झाल्यानंतर गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले, ते मात्र पाहता येते. कोल्हापुरात खाण्यासाठी येणाऱ्यांनी तेथे थोडा वेळ काढावा, असे मला फार वाटते. मिसळीच्या बाकावर आज एकमेकांना खेटून बसलेली माणसे एकमेकांची जात विचारत नाहीत, ही गोष्ट आपोआप घडून आलेली नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. मिसळीखेरीज कोल्हापुरात आमच्यासाठी काय आहे? आमच्याकडे हॉटेलात व्हेज कोल्हापुरी आवडीने मागवतो, तशी अस्सल भाजी कोठे मिळेल? — एक वाचक, नागपूर

उत्तर : व्हेज कोल्हापुरी शोधत कोल्हापूरला जाऊ नये. टोमॅटोच्या लाल रश्शात फ्लॉवर, गाजर आणि वाटाणा घातलेली ती भाजी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तयार झाली आहे. कोल्हापूरच्या घरात ती शिजत नाही. घरात शिजते ती भरली वांगी, मसुराची आमटी, झुणका, पालेभाज्या आणि सणाला पुरणपोळीबरोबर कटाची आमटी. ताटात डाव्या बाजूला खर्डा असतो. हिरवी मिरची, लसूण आणि मीठ तव्यावर परतून रगडलेला हा खर्डा भाकरी आणि दह्याबरोबर खाल्ला की दुसऱ्या कोरड्यासाची फारशी आठवण होत नाही.

हे जेवण शहरापेक्षा पन्हाळ्यावर अधिक चांगले मिळते. गड शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. तेथे परिसरातील स्त्रिया झुणका, गरम भाकरी, खर्डा आणि मडक्यातले घट्ट दही विकतात. सकाळी गड पाहून दुपारच्या जेवणाला तेथेच बसावे. ऊन उतरल्यावर जाण्यापेक्षा हेच बरे, कारण भाकरी तव्यावरून थेट पानात येण्याची वेळ तीच असते.

दुसरी गोष्ट गुळाची. कोल्हापुरी गुळाला 2014मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी 1895मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवली होती. साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जिल्ह्यात गुऱ्हाळे चालतात. काहिलीत उसाचा रस आटत असताना त्यात रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. रस घट्ट होत आला की आधी काकवी मिळते आणि पुढे गुळाचे रवे घालतात. गुऱ्हाळावर गेल्यास उसाचा ताजा रस, गरम काकवी आणि कोमट गूळ चाखायला मिळतो. खरेदी करताना पिवळाधमक, चकचकीत गूळ निवडण्याचा मोह आवरावा. गूळ उजळ दिसावा म्हणून त्यात रसायने वापरली जातात. गडद तपकिरी, किंचित मऊ गूळ दिसायला साधा असला तरी चवीला सरस असतो.

गोडाची आवड असेल आणि आणखी एक दिवस हाताशी असेल तर नृसिंहवाडीला जाऊन यावे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्ताच्या या क्षेत्री बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी मिळते. कवठाची बर्फी इतरत्र सहजासहजी मिळत नाही. तिचा आंबटगोडपणा आपल्याला आवडेल असे वाटते.

खानावळीत एक काळजी घ्यावी. काही ठिकाणी शाकाहारी ताटातही पांढरा रस्सा वाढतात. तो मटणाच्या अळणीशिवाय, वेगळ्या भांड्यात केला आहे का, हे स्पष्ट विचारूनच घ्यावा.

प्रश्न : माझे बालपण कोल्हापुरात गेले, आता आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे बोकडाचे मटण चांगले मिळते, तरी तांबडा रस्सा घरच्यासारखा होत नाही. जानेवारीच्या भेटीत कोणती चटणी न्यावी? मटणाचे लोणचे आणता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मटणाचे लोणचे आणू नये. भारतातून मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेण्यास बंदी आहे, त्यामुळे ते विमानतळावर काढून घेतले जाईल आणि चौकशीचा त्रास होईल तो वेगळाच. चटणी मात्र न्यावी.

कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात, मिरच्या कडक वाळल्यावर डंकावर कुटून वर्षभरासाठी करतात. जानेवारीत मिळणारी घरगुती चटणी त्यामुळे आठ-नऊ महिने मुरलेली असते. तिचा वास कमी झाला असेल तर ती नेण्यात अर्थ नाही. दुकानात आधी वास घ्यावा. कांदा-लसणाचा दरवळ तिखटाच्या ठसक्याआधी आला पाहिजे. चटणीत कोणती मिरची किती आहे, हेही विचारावे. ब्याडगी रंग देते, गडहिंग्लज आणि संकेश्वर भागातील संकेश्वरी चव आणि ठसका देते, लवंगी केवळ जाळ वाढवते. आपल्याला घरची आठवण देणारी चव बहुधा संकेश्वरीची असेल. शक्य असल्यास नातेवाइकांना आताच सांगून एप्रिल-मेमध्ये आपल्यासाठी वेगळी चटणी कुटून ठेवायला सांगावे आणि पुढच्या खेपेला ती न्यावी. नेलेली चटणी हवाबंद बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावी आणि लागेल तेवढीच बाहेर काढावी.

परंतु आपल्या पत्रावरून मला वाटते की अडचण चटणीत कमी आणि अळणीत अधिक आहे. परदेशात सोय म्हणून हाडे काढलेले किंवा केवळ मांडीचे तुकडे घेतले जातात आणि ते प्रेशर कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवले जातात. तसे करू नये. एक किलो मटणात नळी, मान आणि बरगडीचे तुकडे भरपूर असावेत. आले-लसूण आणि मीठ लावून ते अर्धा तास ठेवावे. मग थोड्या तेलावर परतून दोन-अडीच लिटर गरम पाणी घालावे आणि झाकणावरही पाणी ठेवून जाड बुडाच्या पातेल्यात मटण मऊ होईपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावे. झाकणावरचे तापलेले पाणी आतले पाणी आटेल तसे त्यात घालत जावे. थंड पाणी घालू नये.

वाटणासाठी कांदा आणि सुके खोबरे चांगले काळपट तपकिरी होईपर्यंत भाजावे, त्यात तीळ, थोडी खसखस, धने आणि खडा मसाला घालून अगदी बारीक वाटावे. फोडणीत चटणी टाकताना आच पूर्ण कमी करावी आणि चटणी तेलात पडताक्षणी त्यावर पळीभर अळणी ओतावी. चटणीतील कांदा-लसूण आधीच भाजलेला असल्याने तो क्षणात करपतो आणि रस्सा कडू होतो. परदेशातील विजेच्या शेगड्यांची उष्णता लगेच कमी होत नाही, त्यामुळे पातेले शेगडीवरून खाली उतरवूनच चटणी घालणे अधिक सुरक्षित ठरते. नंतर वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे, उरलेली अळणी घालावी आणि एकच सणसणीत उकळी आणून आच बंद करावी. फार उकळल्यास तवंग रश्शात मिसळून जातो आणि रंग मातकट होतो. पांढऱ्या रश्शासाठी अळणी आधीच बाजूला काढून ठेवण्यास विसरू नये, आणि नारळाचे दूध घातल्यावर त्याला उकळी फुटू देऊ नये.